भोकं बुजवणाऱ्यांच्या विरोधात

आधीच सांगून टाकतो. हा लेख एका जुन्या गाडीच्या गळक्या टपाबद्दल आहे. त्यात एका ट्यूबवर माझा राग आहे, आणि ती ट्यूब हातात घेऊन हिंडणाऱ्या आपल्या सगळ्यांवर त्याहून जास्त आहे. 'सगळ्यां'मध्ये मीही आलो. किंबहुना पहिला मीच.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५, १९९६ सालची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. दोन माणसांची, उघड्या टपाची, बटण दाबलं की हेडलाइट डोळे उघडल्यासारखे वर येणारी. हे मॉडेल माझदाने १९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा दाखवलं. डोक्यात होत्या साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टर. दिसायला देखण्या, आणि ऑइलपासून पावसाच्या पाण्यापर्यंत सगळं गळण्यासाठी प्रसिद्ध. जपान्यांनी तेच रूप घेऊन न गळणारी, न रुसणारी गाडी बनवली, आणि दोन सीटवाल्या स्पोर्ट्‌स कारमध्ये जगात सर्वाधिक खपली ती हीच. २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

मी कामानिमित्त मँचेस्टरला राहतो. इथे पाऊस आपल्यासारखा चार महिने कोसळून मोकळा होत नाही. तो बारा महिने पुटपुटत असतो. अशा गावात कापडी टपाची जुनी गाडी घेणं हा शहाणपणा नाही, हे मला घरच्यांनी, ऑफिसातल्यांनी आणि बँकेच्या ॲपनेही सांगून झालं होतं. तरी घेतली. सप्टेंबरात घेतली तेव्हा ती कोरडी होती. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी काचांना आतून दव. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटमागचं कार्पेट ओलं. आठवडाभरात बूट टेकवला की पाणी वर यायला लागलं. कार्पेटखालचा स्पंज तुडुंब भरला होता. आणि तो वास! आपल्याकडे जुलैमध्ये न सुकलेल्या सतरंजीला येतो, तोच.

मग मी काय केलं असेल? चार वर्षं इंजिनीअरिंग शिकलेला, पाच वर्षं दुसऱ्यांचे बग शोधून पगार घेणारा माणूस मी. मी दुकानात गेलो आणि सिलिकॉनची एक ट्यूब घेऊन आलो.

*

काच जिथे टपाच्या रबराला टेकते तिथे मला एक थेंब दिसला होता. म्हणून पाणी तिथूनच येतं, असं मी ठरवून टाकलं. रबराच्या कडेने सिलिकॉनची सुबक रेघ ओढली. दोन दिवस पाऊस नव्हता, त्यामुळे कार्पेट वरवर सुकलं. मी फ्लॅटमेटला ऐटीत सांगितलं, "झालं रे काम." तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि कार्पेट पुन्हा ओलं.

मग मागच्या खिडकीच्या शिवणीवर सिलिकॉन. मग टपावर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे. मग सीटमागे जुना टॉवेल. टॉवेलपर्यंत पोचलो तेव्हा लक्षात आलं की मी आता गळती थांबवत नाहीये, मी तिची सोय करतोय. दोन महिने गेले होते. गळती किती पाण्याची होती? तितकीच, जितकी पहिल्या दिवशी होती.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. ही गाडी बनवणाऱ्यांनी पाण्याचं काय करायचं ठरवलं होतं?

उत्तर वाचून मी चाट पडलो. त्यांनी पाणी अडवायचं ठरवलंच नव्हतं. म्हणजे टपाचं कापड, काचेची रबरं वगैरे आहेतच. ती बहुतेक पाणी बाहेर ठेवतात. पण बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की घडी पडणारं कापड, बिनचौकटीची काच आणि वेगात वाऱ्याने फुगणारा टप यांतून थोडं पाणी आत येणारच. शिवाय टपावरून मागे वाहणारं पाणी कुठेतरी जायला हवं. म्हणून टपाच्या मागच्या कडेखाली, आतल्या बाजूला, एक प्लास्टिकची पन्हळ असते. इंग्रजीत तिला 'रेन रेल' म्हणतात. टपावरून ओघळलेलं पाणी या पन्हळीत पडतं, दोन्ही टोकांना सरकतं, तिथे सीटबेल्टच्या खांबाशेजारी असलेल्या एकेका भोकात उतरतं आणि नळीतून मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली जमिनीवर पडतं.

पन्हळ, भोक, नळी. बस्स. आत येणाऱ्या पाण्याला बाहेरची वाट आधीच काढून दिलेली. हे वाचताना मला संगमेश्वर तालुक्यातलं आजोबांचं कौलारू घर आठवलं, पण त्याबद्दल नंतर.

*

एका रविवारी आम्ही दोघांनी नीट तपासणी केली. फ्लॅटमेट मूळचा सांगलीचा, त्यामुळे पाणी या विषयावर त्याची स्वतःची मतं आहेत. पद्धत साधी आहे; कोणालाही जमेल. आधी आतून सगळं कोरडं करायचं. काचेच्या कडेला, टपाच्या आतल्या शिवणींवर, सीटमागे टाल्कम पावडर भुरभुरायची. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, आणि तेही खालून वर. आधी दाराचा खालचा भाग, पाच मिनिटं थांबायचं, मग काचेची कड, मग टपाची शिवण. एकदम वरून पाणी ओतलं तर ते सगळीकडून वाहतं आणि नेमकं कुठून आत आलं ते कळत नाही. पावडरीवर ओघळ उमटला की वाट सापडली.

मी काचेच्या कडेला पाणी मारलं. आतून आवाज आला, "काही नाही." मागच्या खिडकीच्या शिवणीवर मारलं. "कोरडं आहे रे." म्हणजे ज्या दोन जागा मी सिलिकॉनने लिंपल्या होत्या, त्यांचा काही संबंधच नव्हता. माझा तो थेंब दार उघडताना आत सांडलेला असावा.

मग बाटलीभर पाणी मी थेट मागच्या पन्हळीत ओतलं. ते चाकाजवळ जमिनीवर पडायला हवं होतं. जमिनीवर एक थेंब नाही. आतून फ्लॅटमेट ओरडला, "अरे थांब, थांब! माझ्या पाठीमागे धबधबा सुरू झालाय!"

टप अर्धा सोडून, आतलं अस्तर बाजूला करून आम्ही त्या भोकात टॉर्च मारला. भोक नव्हतंच. तिथे पांढुरका, गुळगुळीत, घट्ट बसलेला सिलिकॉनचा बूच होता.

हा बूच माझा नव्हता. आधीच्या कुणा मालकाचा होता. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते मी अगदी नेमकं सांगू शकतो, कारण माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. नळी पानांनी तुंबली. पाणी तुंबून भोकातून वर आलं आणि सीटमागे सांडलं. त्याने वाकून पाहिलं: या भोकातून पाणी येतंय! मग काय करायचं? भोक बुजवायचं. पाणी बाहेर जाण्याची जी एकमेव वाट होती, ती त्याने गळतीची जागा समजून बंद केली. आणि नंतर, मला खात्री आहे, 'झालं काम' म्हणून हात धुतले असतील.

बूच काढला. खाली बोटभर काळा चिखल. कुजलेली पानं, शेवाळ, पाइनच्या काड्या. नळीत तार खुपसायची नाही, ती फाटते. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी मिळते, ती हळूहळू फिरवत आत घातली. दहा मिनिटांनी चाकापुढे भसकन काळं पाणी पडलं. मी पुन्हा बाटली ओतली. पाणी सरळ जमिनीवर. एकूण खर्च: दोन पौंडांची दोरी.

इथे गोष्ट सुखाने संपली असती, तर मी हा लेख लिहिला नसता.

*

ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते. तिला एमओटी म्हणतात. जानेवारीत माझी गाडी तिच्यात नापास झाली. दाराच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी लोखंडी पोकळ पेटी असते, तिला सिल म्हणतात. पक्कं छप्पर असलेल्या गाडीत शरीराची ताकद छपरातही वाटलेली असते. उघड्या गाडीला छप्परच नाही; तिची ताकद या पेट्यांमध्ये. सीटबेल्टचं खालचं टोकही तिथेच जवळ बोल्टने बसवलेलं. बेल्टच्या बोल्टपासून ३० सेंटिमीटरच्या आत मुख्य पत्रा गंजून कमकुवत झाला असेल, तर गाडी पास होत नाही. फिलर भरून वर रंग मारलेलाही चालत नाही. नवा पत्रा वेल्डच करावा लागतो.

मेकॅनिकने माझ्यासमोर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला. बिस्किटात जावा तसा. वर बूच, खाली चिखल. उरलेलं पाणी कुठे जाणार? काही कार्पेटमध्ये, काही या पेटीत. वर्षानुवर्षं.

म्हणजे गेले चार महिने मी मोटरवेवर सत्तर मैलांच्या वेगाने ज्या पट्ट्याच्या भरवशावर बसत होतो, त्याचं एक टोक गंजलेल्या पत्र्याला धरून होतं. एकदा माझी बहीण शेजारच्या सीटवर होती. तिच्या बाजूचा सिलही गंजला होता, थोडा कमी. ज्या कुणी तो बूच बसवला तो काही खलनायक नव्हता. हुशार माणूस होता. त्याने स्वस्तात, चटकन, स्वतःच्या हाताने 'सोल्यूशन' काढलं होतं. आपण याला काय म्हणतो? जुगाड.

आणि आता मुद्द्यावर येतो.

*

जुगाड या शब्दाचं आपण जे कौतुक लावलंय, ते थांबवायला हवं.

मूळ शब्द उत्तरेकडचा. शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन लाकडी-लोखंडी सांगाड्यावर बसवून जी गाडी करतात, तिलाही तिकडे जुगाडच म्हणतात. ती चालते, वीस माणसं नेते. ब्रेक कितपत लागतील ते देवाच्या हातात. २०१२ साली 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं. मॅनेजमेंटच्या वर्गात तो शब्द पोचला आणि आपल्याला फारच गोड वाटला. आपली अडचण ही आता आपली 'स्किल' झाली. तुटक्या चपलेच्या पट्ट्यात खिळा ठोकलेला फोटो फॉरवर्ड करून आपण खाली लिहितो, 'इंडियन्स आर बॉर्न इंजिनीअर्स.'

मी बॉर्न इंजिनीअर नाही, डिग्री घेतलेला आहे. आणि त्या डिग्रीची एक आठवण सांगतो. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असायचा. लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसतील असे करायचे. आमच्या बॅचमधल्या अर्ध्याहून जास्त पोरांनी तो जॉब सीनियरकडून विकत घेतला, वरचा जुना नंबर घासून काढला आणि आपला ठोकला. मीही. तेव्हा आम्ही याला स्मार्टनेस म्हणत होतो. कानस कशी धरायची, घासताना धातू कुठे अडतो, दोन तुकड्यांमध्ये फट का राहते, हे शिकायची ती एकच संधी होती, आणि तिच्यातून आम्ही फक्त नंबर घासायला शिकलो.

जुगाडाची खरी तक्रार ही आहे. तो ओबडधोबड असतो ही नाही. ओबडधोबड गोष्टी मला आवडतात. नायलॉनची दोरी काय ऑटोमोबाइल इंजिनीअरिंगचं उपकरण आहे? तक्रार ही, की जुगाड 'का' हा प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर देऊन मोकळा होतो. पाणी दिसतंय तिथे लिंपा. आवाज येतोय तिथे कापूस कोंबा. दिवा लागलाय? दिव्यावर चिकटपट्टी लावा. आणि तो नुसता निरुपयोगी ठरत नाही, तर पुढच्या माणसाची वाटही बंद करतो. सिलिकॉनवर रंग बसत नाही, त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही. आधीचं पूर्ण खरवडून काढल्याशिवाय दुरुस्ती सुरूच करता येत नाही. घरगुती सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा जो वास येतो, तो ॲसिटिक ॲसिडचा असतो. उघड्या लोखंडावर ते लावलं तर गंजाला आमंत्रणच. आपण 'सुरक्षित' करतो आणि खाली पत्रा खायला सुरुवात होते.

*

माझ्या क्षेत्रातल्या लोकांना हे वाचून आपल्या गाडीची नाही, आपल्या कोडची आठवण यायला हवी.

आमच्याकडे एक सर्व्हिस होती. तिच्यात मेमरी लीक होता; आम्हीही गळतीच म्हणतो त्याला. दिवसभर चालली की फुगत जायची आणि पहाटे कोसळायची. दोन वर्षांपूर्वी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: रोज रात्री तीन वाजता सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू करायची. कोसळणं थांबलं. अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे 'क्विक थिंकर' असं लिहून आलं. आरसीएच्या कागदावर 'मूळ कारण' या रकान्यात आम्ही 'अपुरी मेमरी' लिहिलं आणि उपाय म्हणून मेमरी वाढवली. मोठा टॉवेल आणला म्हणा ना.

एमओटीच्या आठवड्यात मला त्या स्क्रिप्टची लाज वाटली. मी ती बंद केली आणि गळती शोधायला बसलो. नऊ दिवस लागले. एक कनेक्शन उघडलं जायचं आणि चूक झाली की बंद करायचंच राहून जायचं. का? कारण तिथे कुणीतरी ट्राय-कॅच लावून चूक गिळून टाकली होती. म्हणजे पुन्हा बूच. चूक बाहेर यायची जी वाट होती, तीच बुजवलेली. सहा ओळी बदलल्या. त्या तिमाहीत माझ्या नावापुढे एकही नवीन फीचर नाही, आणि मॅनेजरने विचारलं ते चुकीचं नव्हतं: "चालत होतं ना?" हो, चालत होतं. माझी गाडीही चालत होती.

*

आता समोरून येणारे तीन आक्षेप. ते खोटे नाहीत, म्हणून टाळत नाही.

पहिला: हे सगळे श्रीमंती चोचले आहेत. परदेशात पौंडात कमावणारा माणूस उघड्या टपाची गाडी घेतो आणि आम्हाला नीतीचे धडे देतो. मान्य, ती गाडी गरज नाही, हौस आहे. पण कापडी टप ही काही श्रीमंतांची मिरास नाही. महाराष्ट्रातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी 'सॉफ्ट टॉप' म्हणजे रिक्षा. तिचा रेक्झिनचा टप जूनच्या आधी शिवून, बदलून घेणारा रिक्षावाला माझ्यापेक्षा शहाणा आहे. पाऊस सुरू झाल्यावर ट्यूब शोधत हिंडायची चैन त्याला परवडत नाही. आणि हिशेबच करायचा तर करू. माझी आणि आधीच्या मालकाची सिलिकॉनं, स्प्रे, टॉवेल आणि शेवटी दोन्ही सिलचं वेल्डिंग मिळून सातशे पौंडांच्या घरात गेलं. दोरीचे दोन पौंड. स्वस्तातलं काय होतं?

दुसरा: ज्याच्याकडे काहीच नाही त्याने जुगाड करू नये तर काय करावं? त्याने जरूर करावा. मध्यरात्री छप्पर गळायला लागलं तर प्लास्टिक टाकायचं, वही-पुस्तकं हलवायची, पातेलं ठेवायचं. तेव्हा मूळ कारणावर प्रवचन झोडणारा माणूस मूर्ख आहे. माझं भांडण प्लास्टिक टाकणाऱ्याशी नाही. प्लास्टिकला छप्पर म्हणणाऱ्याशी आहे. आणि त्याहून जास्त, स्वतः स्लॅबखाली बसून दुसऱ्याच्या प्लास्टिकचं 'इनोव्हेशन' म्हणून कौतुक करणाऱ्याशी आहे. अडचणीतल्या माणसाला हवं असतं ते छप्पर. आपण त्याला टाळ्या देतो, कारण त्या फुकट असतात.

तिसरा: मग भंगारात काढा की. जुनं धरून कशाला बसायचं? हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऑफिसात ऐकावा लागला. पण नवी वस्तू घेणं हीसुद्धा बूच मारण्याचीच एक पद्धत आहे, फक्त महागडी. कारण न शोधता वस्तू बदलली तर तेच कारण नव्या वस्तूत वाट पाहत बसतं. भारतात आत्ता गाडी घेणाऱ्याला सनरूफ हवंच असतं. घ्या, पण एक लक्षात ठेवा: सनरूफ रबरामुळे कोरडं राहत नाही. काचेच्या कडेने थोडं पाणी आत येतं, खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खांबांच्या आतून खाली जातं. हीच पन्हळ, हेच भोक, हीच नळी. धूळ आणि पानं बसून ती तुंबली की पाणी तुमच्या छताच्या कापडात. तेव्हा कुणीतरी ट्यूब घेऊन येईल. त्याला थांबवा. महागड्या गाड्याही यातून सुटत नाहीत. पोर्शच्या जुन्या ९८६ बॉक्स्टरमध्ये चावी ओळखणारा इलेक्ट्रॉनिक डबा सीटच्या खाली असतो. टपाच्या नळ्या तुंबल्या की तो बुडतो आणि गाडी सुरूच होत नाही. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-४ मध्ये टप हलवणारी मोटर पाणी उतरण्याच्या खोबणीतच बसवलेली. नळी तुंबली की ती पाण्यात. दोन मुठी कुजक्या पानांसाठी.

*

आता आजोबांचं घर.

लहानपणी मे महिन्यात आम्ही गावी असायचो तेव्हा शाकारणी चाललेली असायची. दोन माणसं छपरावर चढायची. नळे उतरवायची, खालचा कचरा, उंदरांची घरटी, फणसाची पानं झाडून काढायची, फुटके नळे बदलायची, पुन्हा रचायची. पन्हळी मोकळ्या करायची. दरवर्षी. मला तेव्हा वाटायचं, काय हे मागासलेलं छप्पर, दरवर्षी उचकटावं लागतं. डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटच्या स्लॅबला असलं काही लागत नाही.

आता वाटतं, त्या छपरात एक प्रामाणिकपणा होता. मी गळणार आहे, वर्षातून एकदा माझ्याकडे बघा, असं ते उघड सांगायचं. स्लॅब तसं सांगत नाही. आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर. दर जूनमध्ये बेडरूमच्या कोपऱ्यात डाग. दर दोन वर्षांनी सोसायटी वॉटरप्रूफिंग करते, दर दोन वर्षांनी वर्गणी, दर दोन वर्षांनी डाग. सिलनंतर मी बाबांना फोनवर विचारलं, "गच्चीतल्या पाइपांच्या जाळ्या कुणी बघितल्यात का?"

"ते सेक्रेटरीचं काम."

"बाबा, तुम्ही बघाल का?"

ते गेले. चारपैकी दोन जाळ्या कबुतरांच्या पिसांनी आणि एका प्लास्टिकच्या पिशवीने बंद. तिसरीवर वॉटरप्रूफिंगवाल्यांनीच माल पसरून ती अर्धी लिंपून टाकलेली. मी इकडे हसलो, पण आनंदाने नाही. त्यांनी जाळ्या मोकळ्या केल्या. गळती पूर्ण थांबली का? नाही. कोपऱ्यात स्लॅबला खरंच तडा आहे, तो दुरुस्त करायलाच हवा. पण गच्चीत तळं साचणं बंद झालं, आणि आता तडा कुठे आहे ते निदान दिसतं. आधी ते तळ्याखाली झाकलेलं होतं.

गावच्या घरावर मात्र आता पत्रा आहे. काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे, शाकारायला माणूस कुठे मिळतो?" हे वाक्य गेले काही महिने माझ्या डोक्यातून जात नाहीये. माणूस का मिळत नाही? कारण त्या दोघांना आम्ही दिवसाची मजुरी आणि चहा द्यायचो, आणि त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. ज्या कामामुळे घर शंभर वर्षं उभं राहिलं ते आमच्या लेखी 'काम'च नव्हतं. घर बांधलं ते पणजोबांनी, असंच आम्ही सांगतो. त्यांची पोरं मुंबईला गेली. बरोबरच केलं त्यांनी. मी नऊ दिवस लावून सहा ओळी बदलल्या तेव्हा मॅनेजरच्या चेहऱ्यावर जे होतं, तेच आमच्या घरच्यांच्या चेहऱ्यावर त्या दोघांकडे बघताना असायचं. फरक इतकाच, की मला तरीही महिन्याचा पगार मिळाला.

नवं बांधणाऱ्याला आपण इंजिनीअर म्हणतो, बूच मारणाऱ्याला जुगाडू म्हणून डोक्यावर घेतो, आणि पन्हळ साफ करणाऱ्याला आपल्याकडे कौतुकाचा एक शब्द नाही. मग ट्यूबा खपणारच.

*

गाडी फेब्रुवारीत पास झाली. दोन्ही सिल नवीन पत्र्याचे. मी माझी सिलिकॉनची रेघ नखाने आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढली; तिला एक पूर्ण शनिवार लागला, आणि रबराचा एक तुकडा फाटला तो फाटलाच. ती चूक माझ्या नावावर राहील. टपाच्या कड्या थोड्या आवळल्या. पट्टी रबराला घट्ट बसली की वेगात टप फुगला तरी फट पडत नाही. महिन्यातून एकदा मी बाटलीभर पाणी पन्हळीत ओततो आणि वाकून चाकापुढे बघतो. मिनिटभराचं काम आहे. शेजाऱ्यांना वाटतं मी गाडीला पाणी पाजतो.

तुमच्याकडे उघड्या टपाची गाडी नसेल. पण समोरच्या काचेच्या खाली, वायपरजवळ जी जाळी असते, तिथे झाडाखाली उभ्या केलेल्या प्रत्येक गाडीत पानं साठतात आणि तिथलं पाणी ब्लोअरमधून पायाशी येऊ शकतं. तुमच्या इमारतीला गच्ची असेल, खिडकीला पाणी बाहेर जायचं बारीक भोक असेल, जे बहुतेक रंगाऱ्याने बुजवलं असेल. मे संपायच्या आत एकदा बाटलीभर पाणी ओता आणि ते कुठून बाहेर पडतं ते बघा. नाही पडलं, तर दुकानात जाऊ नका. आधी बूच शोधा. आणि तो तुम्हीच मारलेला निघाला, तर माझ्यासारखं खरवडायला बसा. शनिवार जाईल.